घरच्यांसाठी कायरोप्रॅक्टर कसा निवडायचा? (कुडाळ-सावंतवाडी बाजू)

पाणंद

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मुंबई सोडून कुडाळजवळच्या आमच्या गावी कायमचे राहायला आलो. घरात पाच जण, आणि सध्या पाचही जणांचं काही ना काही दुखतंय, म्हणून हा धागा काढतोय.

आप्पा ७४ वर्षांचे. जन्म शेतात आणि कलमांत गेला, अजूनही हंगामात आंबे काढायची घळ घेऊन बाहेर पडतात. सकाळी उठताना कंबर धरते, चार पावलं चालले की सुटते. आई ६८ वर्षांची. तिच्या पाठीला वाक आलाय आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ती बुटकी झाल्यासारखी वाटते. पूर्वी हात पोचायचा त्या फळीवरचा डबा आता तिला काढता येत नाही. बायको घरून काम करते, लॅपटॉपवर आठ-नऊ तास. तिची मान आणि उजवा खांदा. मुलगी १३ वर्षांची. ती उभी राहिली की एक खांदा खाली दिसतो. आणि मला गेल्या लावणीत उसण भरली ती अजून अधूनमधून डोकं वर काढते.

आमच्या तालुक्याच्या गावी महिन्यातून दोन रविवार गोव्याहून एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातांनी मणके-सांधे हलवून दुखण्यावर उपचार करणारे, येतात. एका लॉजच्या हॉलमध्ये बसतात, बाहेर बोर्ड असतो. चुलतभावाला त्यांच्याकडे बरं वाटलं. मोबाईलवर ते मान वळवून कट्कन आवाज काढण्याचे व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे आईला फार आशा लागली आहे. चौकशी केली तर सांगितलं, सगळं कुटुंब एकदम आलं तर प्रत्येकी दहा बैठका, पैसे आधी भरले तर सवलत.

त्या माणसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, म्हणून नाव लिहीत नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय की घरच्यांना अशा माणसाच्या हाती देण्याआधी काय बघावं, काय विचारावं.

तिर्फळ

आमच्या वाडयेत उसण भरली की पायाळू माणसाक बोलवत. माझी काकी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्माक इलेली. माणूस उपडो पडलेलो आणि काकी पायान तेची पाठ दाबता, ह्यां मी ल्हानपणी कितीतरी वेळा बघलंय. बरां वाटायचा लोकांका.

पण एक सांगतंय. माझी आजी पडवीत पडली तेव्हा आम्ही तिका हाडवैद्याकडे न्हेलव. म्हातारो माणूस, चाळीस वर्सां हाडां बसवणारो. तेनी आजयेक हात लावच्या आधी अर्धो तास नुसता इचारल्यान. कशी पडलंस, खयच्या कुशीर पडलंस, पाय उचलता काय. आणि मगे सांगल्यान, "ह्यां माझा काम नाय. हिका सावंतवाडीक न्हेया, फोटो काढा." खुब्याचा हाड मोडलेला होता. तेनी ओढून बघल्यान असता तर काय झाला असता, ता आठवला की अजून अंगार काटो येता.

तुमच्या त्या गोव्याच्या माणसाक बघताना ह्यांच बघा. 'ह्यां माझा काम नाय' असा तो कोणाकतरी सांगता काय?

सुरंगी

पाणंद, मी फिजिओथेरपिस्ट आहे. सतरा वर्षं काम करते, त्यातली बारा सिंधुदुर्गातच. तिर्फळांच्या आजीच्या हाडवैद्यांना माझा नमस्कार. जे त्यांनी केलं ते शिकायला आम्हाला वर्षानुवर्षं लागतात.

तुम्ही पाच जणांचं एकत्र लिहिलंय, पण ही पाच वेगळी दुखणी आहेत. कुटुंबासाठी एकच माणूस, एकच पॅकेज ही कल्पना मला तिथेच खटकली. आधी आईंबद्दल लिहिते, कारण तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य फळीवरच्या डब्याचं आहे. पाळी गेल्यानंतरच्या वयात उंची कमी होणं आणि पाठीला वाक येणं ही हाडं ठिसूळ झाल्याची खूण असू शकते. अशा वेळी मणक्याचा पुढचा भाग न पडता-झडताही दबतो. नुसती बादली उचलताना किंवा जोरात खोकतानाही. त्या पाठीवर कुणी जोराचा झटका दिला तर फ्रॅक्चर होऊ शकतं. म्हणून आईंना हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, पाठीचा एक्स-रे काढा, ते म्हणाले तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करा. तोवर कुणीही, मीसुद्धा, त्यांची पाठ 'मोकळी' करायला जाऊ नये.

आता कायरोप्रॅक्टिकबद्दल. ही पद्धत अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली डी. डी. पामर यांनी सुरू केली. मणका जागचा सरकला की अंगातले आजार होतात, ही त्यांची मूळ समजूत. ती आज विज्ञानात टिकलेली नाही. पण हातांनी सांध्याला ठराविक दिशेनं, ठराविक वेगानं हालचाल देण्याचं तंत्र, म्हणजे हाताळणी, टिकलं, आणि काही प्रकारच्या कंबरदुखीत त्याचा उपयोग होतो. तो कट्कन आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणजे मणका जागेवर गेला असं नाही आणि नाही आला म्हणजे उपचार फुकट गेला असंही नाही. व्हिडिओवाले मात्र आवाजच विकतात.

शिक्षण विचाराच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकसाठी मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यात पूर्ण शिक्षण म्हणजे चार वर्षं पूर्णवेळ, निदान ४२०० तास, असं धरलंय. त्यातले निदान हजार तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी डॉक्टरांसारखी वेगळी नोंदणी परिषद नाही. त्यामुळे चार वर्षं शिकलेला आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेला, दोघेही एकच बोर्ड लावू शकतात. आम्हा फिजिओथेरपिस्टना मात्र महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी लागते. मी शिकले तेव्हा बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची होती. नोंदणी क्रमांक मागितला म्हणून कुणी रागावत असेल तर तिथून उठा.

मुलीला पाठ उघडी ठेवून, पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर पाठीचा कणा बाजूला वळतोय का हे हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात मुली झपाट्यानं वाढतात, म्हणून ते लवकर बघावं लागतं. मणके दाबून तो बाक सरळ होत नाही. दप्तराचं वजनही करा. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं.

वहिनींच्या मानेचं सावकाश लिहिते, दवाखान्यात माणसं थांबली आहेत.

चिरेबंदी

सुरंगीताई, तुमचं सगळं मान्य, पण दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. माझी चिऱ्याची खाण आहे. पूर्वी स्वतः चिरे उचलायचो. २०१९ मध्ये कंबर अशी धरली की बूट घालायला पोरगा लागायचा. गोळ्या, पट्टा, वजन लावून ओढणं, सगळं झालं. शेवटी पणजीला एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो, परदेशात शिकलेला माणूस. चार वेळा गेलो आणि पाचव्या आठवड्यात खाणीत उभा होतो. आमच्या लोकांना बरं करणारा माणूस मिळाला की त्याच्यावर शंका घ्यायची सवय आहे, तसं इथे होऊ नये एवढंच.

सुरंगी

चिरेबंदी, तुम्हाला बरं वाटलं याचा मला खरंच आनंद आहे, आणि तुमचा अनुभव खोटा नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेनं २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी जी सूत्रं दिली, त्यात गोळ्यांआधी शेक, मालिश आणि मणक्याची हाताळणी यांचा विचार करा असं म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर सूत्रं काढली. त्यातही व्यायाम, समजावणं आणि हाताळणी आहे. आणि नको कशाला म्हटलंय तर पट्ट्याला आणि वजन लावून ओढण्याला! आपल्याकडे घरोघरी खुंटीला तोच पट्टा टांगलेला असतो.

तुमचा माणूस शिकलेला होता, त्यानं चार वेळांत काम संपवलं आणि तुम्हाला सोडलं. पाणंदांनी नेमका तसाच माणूस शोधावा.

आता मान. मानेला झटका देताना मागून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. हे फार क्वचित होतं, पण होतं तेव्हा माणूस आयुष्यभरासाठी बदलतो. लॅपटॉपमुळे दुखणाऱ्या मानेसाठी मी तो धोका घेत नाही. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा, वेगळा कीबोर्ड घ्या, दर अर्ध्या तासानं उठा, खांद्यांचे व्यायाम शिका. आणि कुणीही मानेला हात लावला असेल, त्यानंतर एकाएकी कधी नव्हे असं डोकं दुखलं, चक्कर आली, दोन-दोन दिसायला लागलं, जीभ अडखळली किंवा तोल गेला तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

खाडीपलीकडे

मी अकरा वर्षं कॅनडात, ओंटारिओत होतो, आता गुहागरला. तिथे कायरोप्रॅक्टर परवान्याशिवाय काम करू शकत नाही, त्यांचं स्वतःचं नियामक मंडळ आहे, तक्रार तिथे जाते. पहिल्या भेटीला माझ्या पाठीला त्यांनी झटका दिलाच नाही. पाऊण तास विचारपूस, गुडघ्यावर हातोडी मारून बघणं, टाचांवर-चवड्यांवर चालवणं. मग एक कागद पुढे ठेवला. त्यात मानेवरच्या उपचाराचा धोका, अगदी पक्षाघाताच्या शब्दासकट, छापलेला होता. वाचून सही केल्याशिवाय मानेला हात नाही.

पाणंद, तुमच्या लॉजच्या हॉलमध्ये असा कागद मागून बघा. इंग्रजीत दिला तर मराठीत समजावून सांगायला लावा. आईंना कळेल अशा भाषेत धोका सांगता येत नसेल तर त्या संमतीला काय अर्थ?

अबोली

मी हे लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते.

माझ्या आईचं असंच झालं. दापोलीजवळ एका गावात शिबिर लागलं होतं. कुणाचं होतं ते लिहीत नाही. आईला दम्यासाठी बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. रांग मोठी होती. कुणी विचारलं नाही, कुठली औषधं चालू आहेत, कधी पडला होतात का. पालथी झोपवून पाठीवर दोन वेळा दाबलं. आई म्हणाली, आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. त्यांनी सांगितलं, मोकळं झालं. रात्री तिला कूस बदलता येईना. एक्स-रेमध्ये मणका दबलेला निघाला. स्टेरॉइडनं हाडं पोकळ होतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रांगेत तिच्या शेजारी मीच उभी होते, आणि मी तिला पुढे हो म्हटलं.

आई आता काठी घेऊन चालते. पाणंद, तुमच्या आईंना घेऊन जाण्याआधी त्यांच्या औषधांची पिशवी बरोबर घ्या आणि कुणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. एवढ्यासाठी लिहिलं.

तिर्फळ

अबोली, तुमचो काय दोष? रांगेत हुबा ऱ्हवणाऱ्यान इश्वास ठेवलेलो असता. इचारूचा काम हात लावणाऱ्याचा.

वल्हं

धागा वाचत होतो म्हणून विचारतो. आमची मालवण बाजूला होडी आहे. धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, रापणीचं जाळं ओढताना गेल्या आठवड्यात कंबर लचकली. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. चार दिवसांनी मालिश केली. परवापासून दोन्ही पाय जड वाटतात म्हणतो, बसायच्या जागी बधिर झालंय आणि लघवीला जोर करावा लागतो. पुढच्या रविवारी त्यालाही त्या कायरोप्रॅक्टरकडे आणू का? तोपर्यंत शेक द्यावा का?

सुरंगी

वल्हं, रविवारची वाट बघू नका. आत्ता निघा. शेक नको, मालिश नको, कुणालाही पाठीला हात लावू देऊ नका.

दोन्ही पाय जड, बैठकीची जागा बधिर आणि लघवी अडकणं ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर कण्याच्या खालच्या टोकाला असलेला नसांचा जुडगा दबतोय असं समजायचं. त्याला तातडीच्या ऑपरेशनची गरज पडू शकते. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ओरोसच्या सरकारी हॉस्पिटलला न्या किंवा थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. पोचल्याबरोबर पहिलं वाक्य लघवीचं सांगा, कंबरेचं नंतर. निघालात की इथे एक शब्द टाका.

वल्हं

निघालो.

चिरेबंदी

वल्हं, माझी गाडी कुडाळला आहे. वाटेत लागली तर निरोप पाठवा, ड्रायव्हर देतो.

पाणंद

काल रात्रीपासून हाच धागा उघडून बसलोय. वल्हं यांची काही बातमी?

वल्हं

मी त्याच्याजवळ आहे, बांबोळीला. रात्री एमआरआय केला. दोन मणक्यांमधली गादी फुटून मागे आली होती. पहाटे ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत, लघवीचं हळूहळू कळेल. पायाची बोटं हलवतोय. सुरंगीताई, तुमच्यासमोर काय बोलू सुचत नाही.

सुरंगी

काही बोलू नका. बोटं हलतायत ना, बस्स. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कधी काढणार आणि काढल्यावर लघवी आपणहून होते का, हे रोज विचारत राहा. आणि थोडं जेवा.

पाणंद

दीड महिन्यानं लिहितोय. सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, तर पुढे काय झालं ते सांगणं माझं काम.

आईला आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रेमध्ये एक जुना दबलेला मणका दिसला. कधी दबला तिला आठवतही नाही. फोंडा घाटातून कोल्हापूरला जाऊन डेक्सा केली. हाडं बरीच ठिसूळ निघाली. औषध सुरू झालंय, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही. ज्या फळीवर तिचा हात पोचत नव्हता ती फळी मी खाली आणून ठोकली आहे.

मग त्या रविवारी मी एकटाच लॉजवर गेलो. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. माझा नंबर आल्यावर सरळ विचारलं, तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठली. तो तरुण माणूस क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाताळणीचा वेगळा कोर्स केलाय. बोर्डावर कायरोप्रॅक्टर ज्यांनी शिबिर भरवलं त्यांनी लिहिलं, लोक त्या शब्दाला येतात म्हणून." नोंदणी क्रमांक दाखवला. आईचे रिपोर्ट बघून म्हणाला, यांना मी झटका देणार नाही, यांना तोल सांभाळण्याचे आणि पाठीचे स्नायू घट्ट करणारे व्यायाम द्यायचे. तिर्फळ, तुमचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं. पॅकेज घेत नाही, प्रत्येक वेळी येऊ आणि तेवढेच पैसे देऊ, म्हटलं. त्याला चाललं. दारात पैसे घेणाऱ्या माणसाला ते आवडलं नाही. बोर्ड बदला, असंही मी सांगून आलो. गेल्या रविवारी बोर्ड तोच होता.

माझ्या कमरेवर तीन वेळा हाताळणी झाली, बरोबर व्यायामही दिले. वाकताना भीती वाटत नाही. बायकोच्या मानेला त्यानं झटका दिला नाही, व्यायाम आणि टेबलाची उंची यावरच भागतंय, निम्मा फरक आहे. मुलीच्या कण्याचा बाक बारा अंशांचा निघाला. डॉक्टर म्हणाले लहान आहे, पण सहा महिन्यांनी परत एक्स-रे काढून बघायचा. ती पोहायला जाते आणि आता घरात सगळ्यांना पुढे वाकवून त्यांच्या बरगड्या बघत असते. आप्पांनी कुठेच यायला नकार दिला. सकाळी अंगणात अर्धा तास चालतात, मग कंबर सुटते. झाडावर चढणं बंद केलंय, खालूनच घळ लावतात.

सुरंगीताई, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे अजून रहाटाची विहीर आहे आणि आई रोज चार-पाच घागरी ओढते. तिला त्यात बरं वाटतं, अडवलं की रुसते. व्यायाम म्हणून चालेल का?

वल्हं

पाणंद, बरं वाटलं वाचून. भाऊ घरी आलाय. लघवी आपणहून होते. काल किनाऱ्यापर्यंत चालत गेला, होडीला हात लावून परत आला. रापणीला इतक्यात नाही.

सुरंगी

वल्हं, ही बातमी मी दवाखान्यात मोठ्यानं वाचून दाखवली.

पाणंद, रहाट नको. भरलेली घागर वर येताना आई पुढे वाकून झटक्यानं ओढतात, आणि ठिसूळ मणक्याला नेमकं तेच वाईट. पंप बसवा, पण विहिरीवर जाणं बंद करू नका. दोन लिटरच्या दोन लहान कळशा घेऊन द्या, दोन्ही हातांत एक-एक, पाठ ताठ ठेवून, दिवसातून दोन फेऱ्या. वाटेत शेवाळ असेल तर आधी ते खरवडून काढा, श्रावणात घसरायला होतं.